मोबाइलवरचे राजकारण एकत्र बसून कसे वाचावे : मराठवाड्यातील अभ्यासिकांसाठी सहा बैठका

हा आराखडा मराठवाड्यात अभ्यासिका, सार्वजनिक ग्रंथालय किंवा महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेचा गट चालवणाऱ्या कोणालाही वापरता येईल. त्याच्या मुळाशी राज्यशास्त्र शिकवताना आलेला एक अनुभव आहे. २०२३ च्या दिवाळीनंतर मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गात मराठा आरक्षणाच्या मागणीवर चर्चा ठेवली. सभा कोठे झाली, किती जेसीबींमधून फुले उधळली गेली, कोणता नेता कोणाला काय म्हणाला, हे बहुतेकांना तोंडपाठ होते. मागणीचा मजकूर मात्र समर्थकांपैकी कोणी वाचलेला नव्हता आणि विरोधकांपैकीही कोणी वाचलेला नव्हता. शेवटी मागच्या बाकावरील एक मुलगी उभी राहून म्हणाली, “सर, मला बाजू माहीत आहे, विषय माहीत नाही.” मोबाइलने तरुणांच्या राजकीय वळणावर केलेला परिणाम इतक्या थोड्या शब्दांत मी दुसरीकडे कोठे ऐकलेला नाही. पुढील सहा बैठकांचा सारा खटाटोप बाजूच्या आधी विषय हाती यावा एवढ्यासाठी आहे.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करावी लागते, कारण तिच्याशिवाय मुले मोकळेपणाने बोलत नाहीत. अफवा आणि द्वेष मोबाइलने जन्माला घातलेले नाहीत. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळात मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव झाला, त्यानंतर मराठवाड्यातील अनेक गावांत दलित वस्त्यांवर हल्ले झाले, आणि १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होईपर्यंत जवळपास सोळा वर्षे गेली. तेव्हा कोणाच्याही खिशात मोबाइल नव्हता. उलट, १ सप्टेंबर २०२३ रोजी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या उपोषणस्थळी झालेल्या पोलिसी लाठीमाराची दृश्ये काही तासांत राज्यभर पोहोचली ती मोबाइलमुळेच, आणि सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत वाहून गेलेली शेते जगासमोर आली तीही शेतकऱ्यांच्या मुलांनी केलेल्या चित्रीकरणामुळे. बदलले आहे ते मत तयार होण्याचे ठिकाण. पूर्वी पारावर वर्तमानपत्र मोठ्याने वाचले जाई, ऐकणारा मध्येच “थांबा, हे कोणी सांगितलं?” असे विचारू शके, आणि सांगणाऱ्याला उत्तर द्यावे लागे. आता तेच मत रात्री अंथरुणात, एकट्याने, अर्ध्या मिनिटाच्या रीलमधून तयार होते आणि सकाळी स्टेटसला लागते.

बसण्याची व्यवस्था

गटात आठ ते बारा जण असावेत. एकाच गल्लीतील किंवा एकाच तालमीतील मुले घेतल्यास बैठक निरर्थक ठरते, कारण त्यांच्या मोबाइलवर एकच मजकूर आलेला असतो. निरनिराळ्या वस्त्यांतील आणि समाजांतील मुलगे व मुली निम्मे-निम्मे असतील असा प्रयत्न करावा. वेळ दुपारची ठेवावी. संध्याकाळी सहाची वेळ ठेवली की गावाकडची शेवटची एसटी गाठायची असल्याने मुली येत नाहीत, आणि मग त्यांना राजकारणात रस नाही असा सोयीस्कर निष्कर्ष निघतो. माझ्या पहिल्या गटात नेमके हेच घडले होते. वेळ बदलताच सहा मुली आल्या.

नियम तीनच पुरेत. कोणाचाही मोबाइल दुसऱ्याने हातात घ्यायचा नाही. संदेश वाचून दाखवताना तो पाठवणाऱ्याचे नाव घ्यायचे नाही. आणि बोलणाऱ्याचे आडनाव उच्चारायचे नाही. तिसरा नियम मुलांना सुरुवातीला विचित्र वाटतो. बीड जिल्ह्यात २०२५ च्या सुरुवातीला पोलिसांच्या नामपट्टीवरून आडनाव काढून केवळ नाव ठेवले गेले, ही बातमी मुलांनी वाचलेली असते. तिची आठवण करून दिली की नियमाचे कारण वेगळे समजावावे लागत नाही. टिप्पणीखालील आडनाव वाचूनच तिच्याशी सहमत व्हायचे की नाही हे ठरवण्याची सवय किती खोल गेली आहे, हे प्रत्येकाला स्वतःपुरते ठाऊक असते.

पहिली बैठक : सात दिवसांची नोंदवही

पहिल्या बैठकीत केवळ वह्या द्याव्यात आणि काम समजावून सांगावे. सात दिवस मोबाइलवर राजकारणाशी संबंधित जे काही दिसेल, त्याची एका ओळीत नोंद करायची : काय दिसले, कोठून आले, पाहून काय वाटले, आणि पुढे काय केले. “कोठून आले” या रकान्यात ग्रुप, रील, स्टेटस, वाहिनी असे लिहावे; व्यक्तीचे नाव नको. पाहून काय वाटले तेही एकाच शब्दात लिहावे : राग, अभिमान, भीती, हसू, काहीच नाही. अँड्रॉइड मोबाइलच्या सेटिंग्जमध्ये कोणत्या अॅपवर किती वेळ गेला ते दिसते. तो आकडा वहीच्या शेवटी लिहावा, मात्र तो सर्वांसमोर वाचण्याची सक्ती करू नये.

राजकीय पक्षांच्या अधिकृत पानांवरून आलेला मजकूर या वह्यांत फारसा आढळत नाही, असा माझा अनुभव आहे. भरलेला असतो तो वाढदिवसाच्या शुभेच्छांचा, ड्रोनने टिपलेल्या ताफ्यांचा, चढत्या संगीतावर हळू चालत येणाऱ्या “भाऊं”चा आणि “दादां”चा मजकूर. त्यात धोरणाचा शब्द नसल्यामुळे मुले तो राजकारणात मोजतच नाहीत आणि पहिल्या दोन दिवसांत त्याची नोंदही करत नाहीत. ती आवर्जून करायला सांगावी. भावी आमदाराचे चालणे शंभर वेळा पाहिलेल्या मुलाच्या मनात नेता म्हणजे काय याची प्रतिमा तयार झालेली असते, आणि त्या प्रतिमेत जिल्हा परिषदेच्या शाळेचे छत किंवा पीकविम्याची रक्कम कोठेच नसते.

दुसरी बैठक : हे माझ्यापर्यंत का आले?

येथे दोन मोबाइल शेजारी ठेवावेत. वेगवेगळ्या समाजांतील दोन मुलांनी आपापल्या यूट्यूबवर “आरक्षण” हा एकच शब्द शोधावा आणि वर आलेली पहिली दहा शीर्षके फळ्यावर लिहावीत. दोन याद्यांतील फरक पाहिल्यावर खोलीत काही क्षण शांतता पसरते. त्यानंतरच यंत्रणा समजावावी. रील कोणाला दाखवायची हे ठरवताना प्रणाली तुम्ही ती किती वेळ पाहिली, पुन्हा पाहिली का, कोणाला पाठवली का, टिप्पणी केली का, हे मोजते; रील खरी आहे का, हे ती सहसा मोजत नाही. राग आलेला माणूस शेवटपर्यंत पाहतो आणि भांडायला टिप्पणीही करतो, म्हणून प्रणाली त्याला आणखी तसेच दाखवते. म्हणजे विरोध नोंदवण्यासाठी केलेली टिप्पणीसुद्धा त्या मजकुराला बळ देते.

व्हॉट्सअॅपच्या ग्रुपचे तसे नसते. तेथे मजकूर निवडणारी प्रणाली नसून ओळखीची माणसे असतात, आणि मामाने पाठवलेल्या संदेशावर शंका घेणे हे मामावर शंका घेण्यासारखे वाटते. संदेशावरील बाणांच्या खुणा येथे समजावून सांगाव्यात. जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा आली, आणि एप्रिल २०२० पासून दुहेरी बाणाचा, म्हणजे अनेकदा पुढे पाठवला गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. दुहेरी बाण दिसला की एवढे नक्की समजावे की हा मजकूर मामांनी लिहिलेला नाही.

वेळ उरल्यास फेसबुक आणि इन्स्टाग्रामवरील जाहिरातींचे सार्वजनिक संग्रहालय उघडून दाखवावे. एखाद्या पानाने राजकीय जाहिरातींवर साधारण किती खर्च केला आणि पैसे कोणाच्या नावाने भरले, हे तेथे पाहता येते. “निष्पक्ष” नावाच्या पानामागे कोणाचे पैसे आहेत, हे शोधण्यात मुले तासभर रमतात.

तिसरी बैठक : संदेशाकडून कागदाकडे

सहा बैठकांपैकी हीच सर्वांत महत्त्वाची आहे. तिला पूर्ण दोन तास द्यावेत. दोन भागांत घेतली तरी चालेल.

अभ्यासासाठी २ सप्टेंबर २०२५ चा शासन निर्णय घ्यावा. मुंबईतील आझाद मैदानावरील उपोषणानंतर सामाजिक न्याय व विशेष सहाय्य विभागाने तो काढला, आणि हैदराबाद गॅझेटियरमधील, म्हणजे निजाम राजवटीतील सरकारी ग्रंथातील, नोंदींच्या आधारे मराठा समाजातील पात्र व्यक्तींना कुणबी जातीचे (ही जात इतर मागासवर्गात येते) प्रमाणपत्र देण्याची कार्यपद्धती त्यात सांगितली आहे. त्यावर मराठवाड्यातील प्रत्येक तरुणाने किमान पन्नास रील्स पाहिल्या असतील. निर्णयाच्या प्रती वाटण्याआधी प्रत्येकाला कोरा कागद द्यावा आणि या निर्णयात काय लिहिले आहे असे त्याला वाटते, ते पाच ओळींत लिहून घ्यावे. माझ्या गटात एकाने लिहिले की आता सरसकट सर्वांना प्रमाणपत्र मिळणार. दुसऱ्याने लिहिले की यात काहीच दिलेले नाही, निव्वळ फसवणूक आहे. तिसऱ्याने लिहिले की आमचे आरक्षण संपले. तिघांचाही आत्मविश्वास सारखाच होता.

त्यानंतर छापील प्रती वाटाव्यात आणि एकाने सावकाश, मोठ्याने वाचावे. बाकीच्यांनी पेन्सिलने खुणा कराव्यात : कोणाला, कोणत्या पुराव्यावर, कोणी, कोणत्या चौकशीनंतर. ज्याच्याकडे शेतजमिनीच्या मालकीचा पुरावा नाही त्याने आपले पूर्वज १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वी त्या स्थानिक क्षेत्रात राहत असल्याचे प्रतिज्ञापत्र द्यायचे आहे, आणि गावपातळीवरील चौकशी ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांच्या समितीने करायची आहे, हे तेथे सापडते. वाचन संपल्यावर प्रत्येकाने आपला पहिला कागद बाहेर काढून जे वाक्य मजकुरात सापडत नाही ते खोडावे. मत खोडायला सांगू नये. निर्णय योग्य वाटतो की अयोग्य, हे ज्याचे त्याने ठरवावे, आणि तो न्यायालयातही आव्हानित झालेला आहे हे सर्वांना सांगावे. दोन्ही बाजूंची मुले या बैठकीतून आपापले मत घेऊनच उठतात. मात्र आता ती एकाच कागदावर बोट ठेवून भांडू शकतात, आणि मला ती फार मोठी मजल वाटते.

शासन निर्णय खरा कसा ओळखावा, हेही येथेच शिकवावे. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर विभाग आणि दिनांक टाकून निर्णय शोधता येतो. निर्णयाच्या शेवटी तो संकेतस्थळावर उपलब्ध असल्याचा उल्लेख, त्याचा सांकेतांक आणि डिजिटल स्वाक्षरी असते. ग्रुपवर आलेल्या छायाचित्रातील सांकेतांक संकेतस्थळावर सापडत नसेल, तर तो निर्णय नाही असे समजून थांबावे.

दुसरे उदाहरण जायकवाडी धरणाच्या पाण्याचे घ्यावे, कारण ते जातीच्या प्रश्नाइतके जळते नाही आणि सर्वांच्या घरातील नळाशी जोडलेले आहे. पाऊस कमी झालेल्या वर्षी ऑक्टोबरच्या सुमारास नाशिक-नगरच्या धरणांतून पाणी सोडण्यावरून दोन्हीकडे संताप उसळतो. धरणाची एकूण क्षमता सुमारे १०२ अब्ज घनफूट आहे, तर टक्केवारी मोजली जाते ती सुमारे ७६ अब्ज घनफूट उपयुक्त साठ्यावर, उरलेला मृतसाठा, म्हणजे सहसा वापरात न येणारे तळाचे पाणी. “धरण शून्यावर” याचा अर्थ धरणात थेंबही नाही असा होत नाही, हे या एका आकड्यावरून कळते. समन्यायी वाटपाची तरतूद २००५ च्या जलसंपत्ती नियमन प्राधिकरण कायद्यात आहे, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडण्यासाठी जायकवाडीच्या ६५ टक्के साठ्याची मर्यादा मेंढेगिरी समितीच्या २०१३ च्या अहवालातून आली. एवढे वाचल्यानंतर “त्यांनी आमचे पाणी अडवले” किंवा “ते आमचे पाणी पळवतात” अशी रील पाहिली, तर ती पूर्वीसारखी दिसत नाही.

चौथी बैठक : ध्वनी आणि चित्र

या बैठकीची सुरुवात मी नेहमी स्वतःपासून करतो. जून २०१८ मध्ये मुले पळवणाऱ्या टोळीपासून सावध राहण्याचा एक संदेश माझ्याकडे आला आणि मी तो घरच्या ग्रुपवर पाठवला. काळजीपोटीच पाठवला. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे अशाच अफवेमुळे जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मारून टाकले. भिक्षा मागत फिरणारी ती माणसे होती. माझा संदेश तेथे पोहोचला नसेलही. परंतु तशा लाखो संदेशांपैकी एक माझाही होता, हे ओझे मी उतरवू शकलेलो नाही. मुलांना हे सांगितल्यावर ती आपापल्या चुका सांगू लागतात, आणि उपदेशाची गरज उरत नाही.

मग माजलगावचा प्रसंग सांगावा. ऑक्टोबर २०२३ मध्ये बीड जिल्ह्यातील या गावच्या आमदारांची मराठा आरक्षणाच्या आंदोलनाविषयीची एक ध्वनिफीत सर्वत्र फिरली आणि ३० ऑक्टोबरला त्यांच्या घराला आग लावण्यात आली. ध्वनिफितीत काय होते यावर वाद न घालता गटाला तीन प्रश्न विचारावेत : फीत कोठून सुरू झाली आणि कोठे कापली गेली हे आपल्याला माहीत आहे का? संपूर्ण बोलणे उपलब्ध आहे का? आणि ती ऐकल्यावर पहिल्या मिनिटात आपल्याला काय करावेसे वाटले? आता हुबेहूब आवाज यंत्राने तयार करता येत असल्यामुळे पहिला प्रश्न आणखी महत्त्वाचा झाला आहे.

चित्रांसाठी साधा सराव पुरतो. चित्रफीत थांबवून स्पष्ट दिसणाऱ्या चौकटीचे छायाचित्र घ्यावे आणि गुगल लेन्समध्ये टाकून ते पूर्वी कोठे आले आहे का ते पाहावे. दुकानांच्या पाट्यांची लिपी, गाड्यांच्या क्रमांकांची सुरुवात, पिकाचा हंगाम, लोकांच्या अंगावरील कपडे बघावेत. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाणी घेऊन आलेल्या रेल्वेची छायाचित्रे मी या सरावासाठी वापरतो : ती “यंदाची” म्हणून कोणी पाठवली, तर वर्ष कसे ओळखाल? तपासता येत नसेल, तर तो मजकूर पुढे पाठवायचा नाही आणि स्टेटसलाही लावायचा नाही, इतकाच नियम ठेवावा. खोटी अफवा पसरवणे आणि समाजांत तेढ निर्माण करणे हे भारतीय न्याय संहितेच्या अनुक्रमे कलम ३५३ आणि १९६ खाली गुन्हे ठरू शकतात, हे स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांना अवश्य सांगावे. चारित्र्य पडताळणीच्या वेळी दाखल झालेला गुन्हा त्यांच्या आड येऊ शकतो.

पाचवी बैठक : ग्रुपमध्ये कोण नाही?

प्रत्येकाने आपल्या गावाच्या सर्वांत मोठ्या ग्रुपमधील सदस्यांची संख्या आणि त्यातील स्त्रियांची संख्या वहीत लिहावी. माझ्या एका गटातील बारांपैकी नऊ जणांनी दुसऱ्या रकान्यात शून्य लिहिले. गावच्या राजकारणाची चर्चा ज्या ग्रुपमध्ये चालते, तेथे गावातील निम्मी माणसे नाहीत. आणि जेथे महिला सरपंच आहे, तेथेही अनेकदा ग्रुपमध्ये तिच्या नावाने तिचा पतीच बोलतो. मुलींना विचारावे की त्यांनी राजकीय मत कधी उघडपणे लिहिले का. बहुतेकींची उत्तरे सारखी असतात : लिहिले की रात्री अनोळखी संदेश येतात, आणि दुसऱ्या दिवशी भावाला कोणी तरी सांगते. म्हणून त्या पाहतात सर्व काही, पण लिहीत काही नाहीत. ही शांतता ऐकल्याशिवाय तरुणांच्या डिजिटल राजकारणाबद्दल बोलणे म्हणजे निम्म्या तरुणांबद्दलच बोलणे होय. या बैठकीत मुलग्यांनी मध्ये बोलू नये, केवळ ऐकावे. ते त्यांना अवघड जाते, तरीही आग्रह सोडू नये.

उरलेल्या वेळात एखादी जुनी टिप्पणी, लिहिणाऱ्याचे नाव न सांगता, गटातील कोणी तरी दुसऱ्याच्या डोळ्यांत पाहून वाचून दाखवावी. बहुतेक जण मध्येच थांबतात.

सहावी बैठक : मोबाइलमधून ग्रामसभेत

अठरा वर्षे पूर्ण झालेल्यांची मतदारनोंदणी प्रथम तपासावी. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चारही तारखांना पात्रता धरली जाते आणि सतरा वर्षे पूर्ण झालेल्यालाही नमुना ६, म्हणजे नवमतदाराचा नोंदणी अर्ज, आगाऊ भरता येतो. स्टेटसला झेंडा आहे आणि यादीत नाव नाही, अशी मुले प्रत्येक गटात निघतात. उमेदवारांची शपथपत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात; ज्या नेत्याची रील वहीत सर्वाधिक वेळा आली, त्याच्या शपथपत्रातील मालमत्ता, शिक्षण आणि प्रलंबित खटले ही तीन पाने वाचावीत.

नंतर ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर आपली ग्रामपंचायत निवडून चालू वर्षाचा आराखडा आणि झालेला खर्च पाहावा. जो रस्ता रोज पायाखाली आहे तो कागदावर पूर्ण झालेला दिसला, तर त्याचे काय करायचे यावर बैठकीचा उरलेला वेळ द्यावा. सर्वांची पहिली इच्छा रील करण्याची असते. आधी कागद मागावा. माहितीच्या अधिकाराचा अर्ज जोडपत्र ‘अ’ मध्ये, एकाच विषयावर, दीडशे शब्दांच्या आत लिहावा आणि दहा रुपयांचे न्यायालयीन शुल्क तिकीट लावावे. तीस दिवसांत उत्तर अपेक्षित असते. न आल्यास वीस रुपयांच्या शुल्कासह पहिले अपील करता येते. अर्ज एकट्या मुलाच्या नावाने देऊ नये, कारण गावात दबाव येतो. गटातील तीन-चार जणांनी वेगवेगळ्या कामांबद्दल एकाच दिवशी अर्ज दिल्यास कोणा एकावर बोट ठेवले जात नाही.

वातावरण तापलेले असेल, मोर्चा किंवा बंद असेल, तर बैठक पुढे ढकलावी. मात्र गटाचा संपर्क तोडू नये. ३० ऑक्टोबर २०२३ नंतर बीडमध्ये इंटरनेट बंद झाले तेव्हा अफवा बंद झाल्या नाहीत, त्या तोंडोतोंडी फिरू लागल्या. अशा वेळी ज्यांना साधा फोन करून “तुमच्या गल्लीत खरोखर काय चालले आहे?” असे विचारता येईल, अशा दुसऱ्या वस्तीतील दोन मित्रांचे क्रमांक प्रत्येकाकडे कागदावर लिहिलेले असावेत.

सहावी बैठक २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर यांपैकी जी ग्रामसभा जवळ असेल तिच्या दहा-बारा दिवस आधी घ्यावी. विचारायचा प्रश्न लेखी द्यावा, दोन प्रती कराव्यात, आणि ग्रामपंचायत कार्यालयातून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, दिनांक आणि आवक क्रमांक घेऊनच परत यावे.